दसऱ्याच्या हाराची तार

दसऱ्याचा तो हार दोऱ्याने बांधायचा होता, मी तो तारेने बांधला. चूक म्हणावी तर एवढीच. पण त्या तारेपायी मी माझ्या थोरल्या वहिनींचं नाव चार माणसांत खराब केलं, आणि दोष माझाच होता हे कळल्यावरही दीड महिना तोंड उघडलं नाही. त्या दीड महिन्याला चूक म्हणता येत नाही.

आता पुन्हा ते दिवस आलेत. कर्जतच्या बाजारात झेंडूच्या राशी लागल्यात. कडावला आमच्या शेतात भात लवलंय. सकाळी बांधावरून चाललं की दवाने पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होतो, आणि अकराच्या सुमाराला तेच शेत असं तापतं की कणसांतून भाजल्यासारखा गोडसर वास येतो. या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट असते, भरणं. दाणा भरला का? खालच्या खाचरातला भरलाय, वरचा अजून चार दिवस घेईल. येताजाता माणसं कणीस चिमटीत दाबतात आणि आत दूध आहे की पीठ झालंय ते बघतात.

आमच्या घरात मात्र हा शब्द बारा महिने चालायचा. पंपाची मोटार जळली की तिच्या आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. माझा थोरला भाऊ, दादा, खालापूरला जुन्या रस्त्याच्या कडेला मोटारी भरायचा. कडाव सोडून तिथे गेला तरी गावच्या मोटारी त्याच्याकडेच जायच्या, वाटेत कर्जतला दुकानं असूनही. वहिनी शेजारी बसून फेरे मोजायच्या. दादा अचानक गेला तेव्हा सगळे धरूनच चालले की शटर आता कायमचं पडलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी ते वर केलं.

त्यांना काम करताना मी कितीतरी वेळा पाहिलंय आणि दर वेळी बघत उभा राहिलोय. हाताने फिरवायचं साधं यंत्र. उजव्या हातात दांडा, डाव्या हाताच्या चिमटीतून सरकत जाणारी तार. बोटावर जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळलेली, तार कापू नये म्हणून. ओठ हलत असतात. शंभर फेरे झाले की दांडा थांबतो आणि बाजूच्या वाटीत एक चिंचोका पडतो. टक्. मग पुन्हा एकपासून. मोजणी चालू असताना वहिनींशी बोलायचं नाही. गिऱ्हाईक असो, फोन असो, घरचं कोणी दारात येऊन उभं राहो, त्या फक्त डोळ्यांनी थांब म्हणतात. दादा हयात असताना त्यालाही त्या असंच थांबवायच्या. तो हसून म्हणायचा, "मालकीणबाई कामात हायेत."

माझ्याकडे एक जुनी एटीव्ही आहे. इंजिन आणि हँडल मोटरसायकलसारखं, खाली चार बुटकी जाड चाकं. बंद पडलेल्या एका रिसॉर्टमधून आणलेली. बसकी आणि हिरवी, म्हणून गावात तिचं नाव बेडकी. मी खोपोलीकडच्या एका कारखान्यात नोकरीला. शनिवार-रविवारी आसपासच्या फार्महाउसवर आलेली माणसं आमच्या शेतात तिच्यावर बसून फेरी मारतात, आणि कापणीच्या दिवसांत मागे फळी बांधली की भाताचे भारेही वाहते. ओल्या खाचरात टेंपो रुततो, बेडकी रुतत नाही.

त्या वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात तिची आतली कॉइल गेली. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या लोहचुंबकाच्या पोटात काडेपेटीएवढं हे गुंडाळं बसलेलं असतं. तिथे वीज तयार होते, ती प्लगपर्यंत पोचते, ठिणगी पडते आणि पेट्रोल पेट घेतं. गाडी इतकी जुनी की नवी कॉइल कुठे मिळेना. मी ती रुमालात बांधून वहिनींकडे घेऊन गेलो, मनात फारशी आशा न धरता.

वहिनींनी चष्मा वर सरकवून ती उजेडात फिरवली. "लहान हाय, पण मोटारच हाय ही. ती वीज खाते, ही वीज देते. तार तीच. ठेवा, बघते."

केसाहून थोडी जाड तार, आणि फेरे काही हजारांत. दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी म्हटलं, सांधा देऊन पुढे घ्या ना. तर म्हणाल्या, "सांधा दिला की ओल तिथंच शिरते. मग पुढच्या पावसात तुमी याल आणि म्हणाल, वहिनीनं काय केलं." मग वार्निशमध्ये बुडवून, पत्र्याच्या डब्यात पिवळा बल्ब पेटता ठेवून दोन दिवस सुकवली. त्या वार्निशचा वास मला अजून आवडतो. गाडीत बसवली, सुरू करायचा दोर ओढला आणि पहिल्या खेचीला बेडकी सुरू झाली. त्या दिवशी मी नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटलो होतो. हेही लिहून ठेवतो, कारण नंतर त्याच नाक्यावर, त्याच माणसांना मी दुसरं काही सांगितलं.

दसरा आला. बेडकी धुतली, पुसली, हळदकुंकू लावलं. आदल्या वर्षी शेतात फेरी मारताना हार सुटून चाकाखाली गेला होता. मंदा, माझी बायको, तेव्हापासून म्हणत होती की देवाच्या नावाने बांधलेलं असं तुडवलं जाऊ नये. म्हणून त्या वर्षी मी दोरा बाजूला ठेवला. स्लॅबच्या सळया बांधायची काळी तार घरात पडून होती. हार त्या तारेत ओवला, हँडलला वेढा दिला आणि पक्कडीने तीन पीळ दिले. हलवून बघितला. जागचा हलेना. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. आठ दिवसांनी फुलं वाळली तेव्हा ती तोडून टाकली. तारेचा वेढा हँडलवरच्या रेक्झिनच्या वेष्टनाखाली दिसेनासा झाला होता, तो तसाच राहिला. पुन्हा कधी आठवलाही नाही.

दिवाळीच्या तोंडावर बेडकी बंद पडायला लागली. चालता चालता एकदम गप्प. ढकलून चार पावलं पुढे आणली की लगेच सुरू. प्लग काढून इंजिनाला टेकवून बघावा तर ठिणगी कशी, निळी आणि कडक. वैद्याच्या दारात गेलं की दुखणं पळतं, तसं. पाहुणे वर बसलेले असताना हमखास थांबायची. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या एका कुटुंबाची फेरी तिने तीनदा मोडली. त्यातली मुलं उतरून चालत परत गेली आणि जाताना बेडकीला लाथ मारून गेली.

शेजारचा दत्तू, ज्याचं शेत माझ्या बांधाला लागून आहे, त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. "नाना, ती आंब्यापाशीच मरतेय रं. बघ नीट."

खरंच होतं. दहातल्या नऊ वेळा शेतातल्या आंब्याच्या वळणावर. मग ज्याला त्याला त्या जागेबद्दल काही ना काही आठवायला लागलं. कोणाचा बैल तिथे बसला होता, कोणाला तिथे चक्कर आली होती. मी यंत्राच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस. मी जाऊन आंब्याला नारळ वाढवला. शिवाय हँडलला लिंबू-मिरची. या वेळी दोऱ्याने.

नारळाने फरक पडला नाही तेव्हा कर्जतच्या एका मेकॅनिकला दाखवली. त्याने प्लग बदलला, प्लगची टोपी बदलली, वायरी हलवून बघितल्या. गाडी त्याच्याकडे दोन दिवस उत्तम चालली. परत आणल्यावर आंब्याखाली मेली. मेकॅनिकने विचारलं, "कॉइल कोणी भरलीय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तीच. पंपाच्या मोटारवाल्यांनी भरलेली कॉइल तापली की बसते."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. दोष कुठे तरी ठेवायला जागा मिळाली. संध्याकाळी कडावच्या नाक्यावर, चहाच्या टपरीवर, दत्तू आणि आणखी चौघे-पाच जण होते. बेडकीवरून चेष्टा चालली होती. कोणी म्हणालं, बेडकी हिवाळ्यात झोपतेच. कोणी म्हणालं, आंब्याखाली नवरा हाय तिचा. मी हसलो नाही. मी म्हणालो, "दादा गेला आणि दुकानातली सफाईपण गेली. वहिनी भरतात ते आता नुसतं भरल्यासारखं."

मग दत्तू म्हणाला, "असं म्हणतोस? माझी मोटार त्यांच्याकडंच द्यायची होती." मी खांदे उडवले. शेतात दाणा भरून झाला होता, मी लोकांचे कान भरून घरी आलो, आणि मंदाने वाढलेलं जेवण पोटभर जेवलो.

दत्तूची मोटार कर्जतला गेली. तिच्या मागे आणखी दोन गेल्या.

वहिनींना ते असं कळलं. त्यांनी दत्तूला फोन केला, मोटार कधी आणताय म्हणून. दत्तूला खोटं बोलता येत नाही. तो आधी अडखळला आणि मग माझं वाक्य त्याने जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. पेंढ्याचा भुसा उडत होता, अंग खाजत होतं. रस्त्यावर रिक्षा थांबली आणि वहिनी उतरल्या. हातात कापडी पिशवी, तिच्यातून मीटरच्या लाल-काळ्या वायरी बाहेर लोंबत होत्या.

मंदा पाणी घेऊन धावली. वहिनी पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, माझी कॉइल मला दाखवा."

"अहो, बसा तरी."

"बसले तर दिवस जाईल. मला साडेपाचची गाडी हाय."

मी कॉइलच्या वायरी सोडवून दिल्या. त्यांनी मीटर लावला, आकडा बघितला, पिशवीतल्या वहीतलं पान काढून त्याच्याशी ताडला. भरली त्या दिवशीचा आकडा त्यांनी लिहून ठेवला होता. मग मला इंजिन अर्धा तास चालू ठेवायला लावलं, चांगलं तापू दिलं, आणि पुन्हा बघितलं. प्लग काढून पदराची सावली धरली आणि मला दोर ओढायला सांगितला. निळी ठिणगी. पुन्हा निळी.

"कधी बंद पडते?"

"कधीपण."

"कधीपण असं काय नसतं भावजी. लहर माणसाला येते, यंत्राला नाय. कुठं पडते?"

मी आंब्याकडे बोट केलं. झोडणी थांबवून सगळे बघत होते. दत्तू म्हणाला, "वहिनी, तिथं नारळपण देऊन झालाय."

"मग नारळ तरी बरा निघाला का?" वहिनी म्हणाल्या. खळ्यावर हशा पिकला. मग त्या मला म्हणाल्या, "आता उलटा फेरा मारा."

"उलटा म्हणजे?"

"रोज फाटकातून निघून आंब्याकडं जाता ना? आज आंब्याकडून फाटकाकडं या."

मी बसलो. आंब्याखालून वळलो. बेडकी मजेत चालली. जागा होती, सावली होती, फुटलेल्या नारळाची करवंटी होती, पण बेडकी बंद पडली नाही. माझा चेहरा उजळला असावा. फाटकाशी आलो, आत शिरायला हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि इंजिन गप्प झालं.

वहिनी पदर खोचून चालत आल्या. त्यांना कळलेलं होतं. त्यांनी मला हँडल सरळ करून गाडी सुरू करायला लावली आणि जागेवर उभी ठेवून स्वतःच्या हाताने हँडल डावीकडे वळवलं. बंद. सरळ केलं, मी दोर ओढला, सुरू. पुन्हा डावीकडे. बंद. आंब्याचं वळण डावीकडचं होतं, एवढंच. फाटकाचं रोज उजवीकडे असायचं, म्हणून ते बिचारं बदनाम झालं नाही.

मग त्यांनी रेक्झिनखाली बोटं घातली, चिंधी गुंडाळायची सवय असलेली ती बोटं, आणि डोळे मिटून चाचपलं. पक्कड मागितली. तीन पीळ उलगडले. गंजलेला वेढा बाहेर आला. त्याला झेंडूची एक काळपट पाकळी चिकटलेली होती.

गाडी बंद करायच्या बटणाची वायर त्या तारेने कापली होती. हँडल डावीकडे वळलं की वायर ताणायची, आतलं तांबं हँडलच्या लोखंडाला लागायचं. वहिनींनी खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात समजावलं, "ही इथं टेकली की इंजिनाला वाटतं, मालकानंच बटण दाबलं. ते गुमान बंद होतं. त्याचा काय दोष?"

आणि मग मला हळू विचारलं, "हार कोणी बांधलावता?"

मंदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सापडलं ना वहिनी, झालं तर मग. चला, चहा घेऊ."

एवढंच बोललो मी.

वहिनींनी कापलेल्या वायरीला पट्टी गुंडाळली, तार माझ्या तळहातावर ठेवली आणि साडेपाचची गाडी गाठायला निघाल्या. चहाला थांबल्या नाहीत. दत्तू त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेला. मी मुठीत ती तार धरून खळ्यावर उभा राहिलो, आणि मग वाकून पेंढा गोळा करायला लागलो, जसं काही तेच महत्त्वाचं होतं.

खळ्यावरच्यांनी बघितलं म्हणजे गावाला कळलं, अशी मी माझी समजूत घातली. पण तसं होत नाही. खळ्यावर चार माणसं होती, टपरीवरून माझं वाक्य पार शेलू गावापर्यंत गेलं होतं. तिथल्या एकाने मला विचारलं, "तुमच्या वहिनींनी दुकान बंद केलं म्हणे?" मी म्हणालो, नाही हो. त्यापुढे काही बोललो नाही. बेडकी त्या दिवसांत सुंदर चालत होती. पाहुणे येत होते, आंब्याखालून खिदळत वळत होते. प्रत्येक ठिणगीमागे वहिनींचे हजारो फेरे होते आणि त्या ठिणगीवर मी लोकांना फिरवत होतो. माझं तोंड मात्र डाव्या वळणावर अडकलेलं होतं. मंदाने एकदाच विचारलं, "हार मी बांधायला सांगितलावता म्हणून सांगाल का? मी ऐकून घेईन." त्या प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली तेवढी खळ्यावरही वाटली नव्हती.

पौषात कालव्याला पाणी सुटलं. उन्हाळी भाताची तयारी सुरू झाली, कोरड्या पाटातून पाणी सळसळत आलं, आणि ज्यांची शेतं उंचावर आहेत त्यांनी पंप बाहेर काढले. दत्तूने कर्जतला भरलेली मोटार तिसऱ्याच दिवशी धुरावली. दोष त्या दुकानाचा असेल नसेल, मी आता कोणाबद्दल काही म्हणत नाही. दत्तू टपरीवर कपाळाला हात लावून बसला होता. तेच बाक, तीच माणसं.

मी खिशातून तार काढली. दीड महिना ती माझ्या शर्टाच्या खिशात होती. बाकावर ठेवली आणि सांगितलं. हार मी बांधला, तारेने बांधला, वहिनींची कॉइल पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती आणि मी इथे बसून बोललो ते खोटं होतं.

कोणी चेष्टा केली नाही. दत्तू तारेकडे बघत म्हणाला, "आम्हाला खळ्यावरच कळलंवतं नाना. तू कधी बोलतोस ते बघत होतो." मग उठला. "चल. मोटार टेंपोत टाकू."

आज सहा वर्षं झाली. तीच कॉइल आहे. सहा पावसाळे तिने काढले, कर्जतचा तो मेकॅनिक आता आपल्याकडच्या कॉइली वहिनींकडे पाठवतो. दुकानाच्या पाटीवर मोटारींच्या खाली 'गाडीची कॉइल भरून मिळेल' अशी ओळ आलीय, आणि दादाच्या नावाखाली वहिनींचं. ती पाटी रंगवून आली तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. फार्महाउसवर येणाऱ्या पाहुण्यांना फेरी संपल्यावर मी सांगतो, हिचं काळीज माझ्या वहिनींनी भरलंय. ते हसतात. मी हा अभिमान उशिरा कमावला, म्हणून सांगताना आवाज थोडा मोठा होतो. उद्या हार बांधायचा आहे. दोऱ्याचं रीळ मंदाने आत्ताच माझ्यासमोर आणून ठेवलंय.

पण सांगायचा राहिला तो पौषातला दिवस. आम्ही खालापूरला पोचलो तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं बाकावर बसून होती. वहिनी दांडा फिरवत होत्या. मी पायरीवरूनच बोलायला तोंड उघडलं, धीर सुटायच्या आत. वहिनींनी मान वर केली आणि डोळ्यांनी सांगितलं, थांब. ओठ हलत होते. मी थांबलो. दत्तू मोटार धरून मागे उभा होता. तार चिमटीतून सरकत होती, वार्निशचा वास येत होता, रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याबरोबर मनात मोजत होतो. सत्तरनंतर कुठेतरी माझा आकडा चुकला. त्यांचा नाही. दांडा थांबला. वाटीत चिंचोका पडला.

"बोला भावजी," वहिनी म्हणाल्या.

मी चपला काढून आत गेलो आणि त्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनी, कॉइल तुमची चांगली होती. हार मी तारेने बांधला होता. आणि ते कळल्यावरही मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."